ओरिजिनलमध्ये कोणतं देऊ?

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ‘ओरिजिनल द्या’ म्हणणारा माणूस नवखा समजावा. मुरलेला शेतकरी तसं कधीच म्हणत नाही, कारण पुढचा प्रश्न त्याला पाठ असतो. काउंटरमागचे शेठ वहीतून मान वर न काढता विचारतात, “ओरिजिनलमध्ये कोणतं देऊ?”

ओरिजिनल एकच असतं अशी आपली भाबडी समजूत. शेठकडे चार असतात. पहिलं ‘कंपनीचं’. ते काचेच्या कपाटात असतं आणि त्याची किंमत सांगताना शेठचाही आवाज जरा खाली येतो. दुसरं ‘कंपनीला माल देणाऱ्याचं’. म्हणजे कारखाना तोच, साचा तोच, कामगारही तोच, फक्त खोकं वेगळं आणि किंमत निम्मी. यावर शेठ गळ्याची शपथ घेतात. तिसरं ‘दिल्ली ओरिजिनल’. दिल्लीच्या कश्मीरी गेटला गाड्यांच्या पार्टची अफाट बाजारपेठ आहे. तिथून माल आला एवढंच त्यातलं ओरिजिनलपण, पण ते शंभर टक्के खरं असतं. चौथ्याचं नाव ‘त्यातलंच’. कशातलं, ते विचारायचं नसतं.

या चौघांच्या पंगतीबाहेर तेलकट कागदात गुंडाळलेलं पाचवं असतं, ‘लोकल’. माझ्या मते अख्ख्या दुकानात प्रामाणिकपणे विकलं जाणारं तेवढंच. देतानाच शेठ सांगतात, “चालेल तोवर चालेल पाव्हणं. नंतर मला बोलायचं नाही.”

खोक्याची छपाई आणि आतल्या मालाचा दर्जा यांचं नातं व्यस्त असतं, असं माझं निरीक्षण आहे. अस्सल कंपनीचं खोकं बहुधा मळकं, कोपरे चेपलेलं, त्यावर एक नंबर आणि एक पट्टी. डुप्लिकेटचं खोकं मात्र चार रंगांत, त्यावर डुलणारं गव्हाचं शेत आणि हसणारा सरदारजी. त्यावर चकाकणारा हॉलोग्राम. तो उन्हात धरून, वाकडा करून, डोळा बारीक करून आपण तपासतो. तपासायचं काय असतं ते आपल्याला माहीत नसतं, पण तपासल्यासारखं वाटतं आणि शेठही तेवढा वेळ आदरानं थांबतात.

सगळा दोष शेठवर ढकलून मोकळं व्हायला मी तयार नाही. पहिली किंमत ऐकून “जरा कमीतलं दाखवा” म्हणणारे आपणच. दुसरी ऐकून “अजून काही?” म्हणणारेही आपणच. त्या प्रत्येक ‘अजून’साठी लुधियानात नाहीतर राजकोटमध्ये कुणीतरी एक भट्टी पेटवून बसलेला आहे. आठशेची वस्तू आपण तीनशेला मागतो आणि तो ती तीनशेत करून देतो. त्यातले पाचशे रुपये पोलादातून काढले की रबरातून, हे आपल्याला शेतात कळतं.

दुकानात भिंतीवर पाटी असते: ‘एकदा बसवलेला माल परत घेतला जाणार नाही.’ शेजारी दुसरी: ‘इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नाही.’ आता पार्ट खराब आहे हे बसवल्याशिवाय कळत नाही आणि बसवला की तो परत जात नाही. असा बिनतोड कायदा एखाद्या मोठ्या वकिलालाही सुचला नसता. या कायद्यापुढं सरकारचाही चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि ट्रॅक्टरच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. बातमी वाचून आमचे थोरले चुलते, ज्यांना अख्खा गाव अण्णा म्हणतो, हुरूपानं दुकानात गेले. शेठ म्हणाले, “अण्णा, तुम्ही बिल घेतलंय का कधी? मग तुम्हाला आधीपासूनच शून्य टक्के होता.”

आमच्या घरच्या ट्रॅक्टरची कंपनी मी सांगणार नाही. रंग लाल होता एवढं पुरे. लाल म्हटल्यावर देशातल्या निम्म्या कंपन्या संशयित ठरतात, म्हणजे कुणा एकीची बदनामी होत नाही. वयानं तो माझ्यापेक्षा मोठा. चालू असताना घरचे त्याला अरे-तुरे करतात, बंद पडून ढकलायची वेळ आली की ‘चला महाराज’ म्हणतात.

जुन्या ट्रॅक्टरचा पार्ट मागायला जाताना मॉडेल सांगून भागत नाही. “नवं मॉडेल का जुनं?” जुनं. “जुन्यात जुनं का मधलं?” इथं आपली वाचा बसते. म्हणून शहाणा माणूस जुना पार्ट फडक्यात बांधून सोबत नेतो. त्याला ‘नमुना’ म्हणतात. एसटीत मांडीवर काळं गाठोडं घेऊन बसलेला आणि शेजारच्या पांढऱ्या कपड्यांपासून ते जपणारा माणूस दिसला, तर तो नमुना घेऊन चाललाय हे ओळखावं. अलीकडं नमुन्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. फोटोत पार्ट मोठा दिसतो की लहान, हे पाठवणाऱ्याच्या हातावर अवलंबून. शेठ पाहून ‘मिळेल’ लिहितात, संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पुडकं देतात, आणि रात्री आठला फाट्यावर आपण ज्याची वाट पाहत उभे असतो ते अर्ध्या इंचानं लहान निघतं.

या घोळाला इतिहास आहे. आपल्या देशात ट्रॅक्टर आले ते दहा दिशांनी. १९५९ साली फरिदाबादला आयशर निघाला, त्याचं मूळ जर्मनीत. १९६३ साली महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि बी-२७५ आणला, तो मुळात इंग्लंडातल्या डॉनकास्टरचा. १९७१ पासून एचएमटीनं हरियाणात पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून ट्रॅक्टर बांधले. त्यानंतर तीन वर्षांनी स्वराज आला, तो तेवढा घरचा. आता इंग्लंड-अमेरिकेचं माप इंचात आणि चेकांचं मिलिमीटरमध्ये. त्यामुळं एकाच गल्लीतल्या दोन ट्रॅक्टरांना एकमेकांचा पाना लागत नाही. साडेचार सुताचं, म्हणजे नऊ-सोळांश इंचाचं डोकं असलेला बोल्ट घ्या. त्याला चौदाचा पाना चढत नाही, आणि पंधराचा चढतो पण फिरवला की घसरतो. तरी आपण पंधराचाच लावतो, कारण तो हाताशी असतो. दोनदा घसरला की बोल्टचे सहाही कोपरे गोल होतात, आणि मग तो जगातल्या कुठल्याच मापाचा राहत नाही. तो काढायला छिन्नी-हातोडा लागतो. आमच्या ट्रॅक्टरला असे बोल्ट पुष्कळ आहेत; त्यांना मिस्त्री ‘छिन्नीवाले’ म्हणतो आणि त्यांच्या जागा त्याला तोंडपाठ आहेत.

पुढं कंपन्यांचीही घरं बदलली. फोर्डचा फार्मट्रॅक झाला. आयशरचे ट्रॅक्टर २००५ मध्ये टॅफेकडं गेले, २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स, म्हणजे स्वराज, महिंद्राकडं गेला. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना गुंडाळायचं केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. कारखाना बंद झाला म्हणून शेतातला एचएमटी थोडाच बंद होतो? त्याचा मालक आजही बांधावर उभा राहून अभिमानानं सांगतो, “असं लोखंड आता येत नाही.” आणि ते खरंच येत नाही, कारण बनवणारंच कुणी उरलेलं नाही. बंगळूरच्या मायकोचं नाव बदलून २००८ मध्ये बॉश झालं. अजूनही काउंटरवर जाऊन ‘बॉशचा पंप’ म्हटलं की शेठ दोन सेकंद विचार करतात, मग म्हणतात, “मायको का? तसं सांगा की.”

आता ऑइल सीलकडं या. एवढीशी गोष्ट, पण माणसाचा कस इथं लागतो. पत्र्याच्या गोल कड्यावर काळं रबर, रबराला आतून पातळ ओठ, आणि त्या ओठाभोवती आवळलेली केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग. शाफ्ट फिरत असताना तेल आत ठेवायचं आणि धूळ बाहेर, हे काम तो ओठ करतो, आणि ओठाला शाफ्टवर दाबून धरायचं काम ती स्प्रिंग करते. सीलवर आकडे असतात, पस्तीस-बावन्न-दहा असे काहीतरी: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आकडे सगळ्यांवर सारखेच असतात, आणि फसगत तिथंच होते. चांगल्या सीलचं रबर तेलात आणि उष्णतेत वर्षानुवर्षं मऊ राहतं. हलक्याचं महिन्या-दोन महिन्यांत कडक होतं, ओठाला चिरा जातात. त्याहून हलकं असेल तर ठोकून बसवतानाच आतली स्प्रिंग टुणकन उडते आणि मातीत जाते. मग मिस्त्री, त्याचा पोऱ्या, अण्णा आणि मी असे चौघं गुडघ्यावर बसून ती शोधतो. ती सापडत नाही. मिस्त्री म्हणतो, “राहू द्या, तशीही ती काही करत नव्हती.”

सील स्वस्त असतो, महाग असते त्याची जागा. ट्रकला असते तशी वेगळी चेसिस बहुतेक ट्रॅक्टरांना नसते. पुढं इंजिन, मध्ये क्लचचं घर, मागं गिअरबॉक्स, हे एकमेकांना बोल्टनं जोडलेले आणि तीच ट्रॅक्टरची पाठ. इंजिनाच्या मागचा सील गळायला लागला की तेल क्लच प्लेटवर येतं, प्लेट घसरते, आणि चहाच्या खर्चाची ती वस्तू बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन तुकडे करावे लागतात. पुढचा तुकडा ठोकळ्यांवर, मागचा जॅकवर, आणि मध्ये उभं राहून मिस्त्री ते वाक्य बोलतो, जे ऐकून आजवर भल्याभल्यांच्या उसाची बिलं गेलीत:

“आता उघडलाच आहे तर...”

आता उघडलाच आहे तर प्लेट टाकून घेऊ. प्लेट टाकतोय तर प्रेशर प्लेट जुनी कशाला? बेअरिंग तर टाकायलाच पाहिजे, नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा उघडावा लागेल. फ्लायव्हीलला रेघा पडल्यात, लेथवर दाखवून आणू. ‘पुन्हा उघडावा लागेल’ या धाकाखाली आपण सगळ्याला हो म्हणतो. ट्रॅक्टर जोडला जातो, सुरू होतो, पेढे वाटले जातात. आणि आठवड्याभरात खाली तेलाचा थेंब दिसतो, कारण सगळं महागातलं घेताना एक सील तेवढा ‘त्यातलाच’ घेतलेला असतो.

मिस्त्री येतो, वाकून पाहतो, बोटाला तेल लावून वास घेतो आणि गंभीरपणे विचारतो, “याला कुणी हात लावला होता?”

“तुम्हीच की.”

“मग माझ्यानंतर कुणीतरी लावलाय.”

तरीही मी आमच्या मिस्त्रीची निंदा ऐकून घेणार नाही. त्याच्याकडं यंत्र नाही, पण कान आहे. इंजिन अडखळत चालत असेल तर तो चालू इंजिनावर नोझलकडं जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून थोडे सैल करतो. नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि आवाज पडायला हवा. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो गडी आधीपासूनच काम करत नव्हता. बेअरिंग ऐकायचं असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपत नाही. मग डोळे उघडून निदान सांगतो, “वीसवर गेला.” म्हणजे क्रँक एकदा दहा हजारांश इंच घासून झाला, आता वीस हजारांश घासायचा आणि तेवढं जाड बेअरिंग टाकायचं. पुढं तीस. त्यानंतर काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, “त्यानंतर विकायचा.”

मिस्त्रीच्या कानाला अडथळा एकच, तो म्हणजे जमलेली मंडळी. बॉनेट उघडं टाकून ठेवलेला ट्रॅक्टर दिसला की रस्त्यानं जाणारा माणूस पुढं जाऊ शकत नाही. गाडी लावून येतो, मागं हात बांधतो आणि दोन मिनिटं गप्प उभा राहतो. मग म्हणतो, “हेड गेलंय.” ट्रॅक्टर पंक्चर असला तरी हेडच गेलेलं असतं. दुसरा म्हणतो, “हवा धरली असेल, हवा काढून बघा.” तिसऱ्याच्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरला असंच झालं होतं, त्याला काय झालं होतं ते त्याला आठवत नाही, पण मेहुण्याला खर्च किती आला ते रुपयासकट आठवतं.

आणि हे सगळं कधी, तर वाफशाच्या दिवशी. जुन्या ट्रॅक्टरला पंचांग कळतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एप्रिल-मे मध्ये, रान मोकळं असताना, तो पहिल्याच फटक्यात सुरू होतो. रोहिणीत कुरकुर करतो. मृगाचा पाऊस पडून दोन दिवस उघडीप मिळाली, बोटानं दाबल्यावर माती चिकटेनाशी झाली, बियाण्याच्या पिशव्या बांधावर गेल्या की त्याची लिफ्ट बसते. पेरणीयंत्र जमिनीला टेकतं आणि परत वर येत नाही. लिफ्टचा लिव्हर वर केला की तेल कुठंतरी आतल्या आत फिरून परत जातं. शेठचं दुकान त्या दिवशी हमखास बंद, त्यांच्या साडूच्या मुलीचं लग्न. वाफसा कुणासाठी थांबत नाही; ज्या शेजाऱ्याला आपण वर्षभर ‘कर्ज काढून नवा घेतला’ म्हणून हसलो, त्याच्याकडं तासाच्या भावानं जायची पाळी येते. तो नकार देत नाही. तो फक्त “उद्या बघू” म्हणतो.

अशा वेळी मिस्त्रीची प्रतिभा फुलते. डिझेलची टाकी पाझरतेय? कपडे धुण्याचा साबण मळून फटीत दाबा. डिझेलात तो विरघळत नाही. पाइपाला चीर? सायकलची ट्यूब कापून आवळून बांधा. रेडिएटर गळतोय? पाण्यात मूठभर हळद टाका, ती जाऊन बारीक भोकात बसते. आमच्या रेडिएटरला इतक्या वेळा हळद लागली, पण बिचाऱ्याचं पुढचं कार्य काही झालं नाही. आणि खरं सांगायचं तर साबण, ट्यूब आणि हळद या तिन्ही वस्तूंनी आम्हाला कधी दगा दिला नाही. त्या ओरिजिनल होत्या.

अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं दुखणं नेमकं उलटं आहे. तिथं नव्या ट्रॅक्टरात संगणक असतो, आणि तो उघडायचा अधिकार मालकाला असावा की नाही यावर भांडण पेटलंय. जॉन डीअर कंपनीविरुद्ध तिथल्या सरकारी आयोगानं जानेवारी २०२५ मध्ये दावा लावला. ही संगणकाची कटकट नको म्हणून तिथले काही शेतकरी मुद्दाम जुने, बिनसंगणकाचे ट्रॅक्टर शोधत फिरतात. हे अण्णांना वाचून दाखवलं. आपला ट्रॅक्टर उघडायला जिथं परवानगी लागते असा देश असू शकतो, हे त्यांना पटेना. आमच्याकडं परवानगी सोडाच, मिस्त्री यायच्या आत शेजाऱ्यानं दोन बोल्ट काढलेले असतात. आपल्याकडंही २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, त्यापायी डिझेलचा कारभार इलेक्ट्रॉनिक झाला आणि कंपनीचा पोरगा लॅपटॉप घेऊन यायला लागला. आमच्या मिस्त्रीनं एकदा तसल्या इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. म्हणाला, “हे बोलतच नाही.”

काढलेले जुने पार्ट आम्ही टाकत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात खताच्या गोण्यांत ते भरलेले असतात, कारण अनुभव असा की नवा टाकलेला पार्ट गेला, की काढलेला जुनाच धुऊन परत बसवावा लागतो, आणि तो पुढं दोन हंगाम चालतो. काकूंना हे तत्त्वज्ञान मान्य नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो गोणी उपडी करून बसला, हातात लहान हातोडी आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक. एकेका तुकड्यावर हातोडीची टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि फेकायचा. खणखणला तर उजवीकडं, बदबदला तर डावीकडं. हॉलोग्राम नाही, खोकं नाही, शपथ नाही. जी गोष्ट आम्हाला इतकी वर्षं दुकानात कळली नव्हती, ती तो एका टिचकीत निवडत होता.

पितळी बुश मी मुद्दाम वेगळे ठेवले होते, पितळेचा भाव बरा असतो म्हणून. त्यानं चुंबक फिरवलं. चारांतले तीन टपाटप जाऊन चिकटले.

“अहो, ओरिजिनल आहेत,” मी म्हणालो. “बिल नाही, पण दिल्लीचे आहेत.”

“ओरिजिनलच आहेत भाऊ,” तो म्हणाला, “ओरिजिनल लोखंड. वरून पाणी दिलंय.”

पैसे मोजून झाल्यावर त्याची नजर शेडमधल्या ट्रॅक्टरवर गेली. उठून त्याच्याभोवती एक चक्कर मारली. गिअरबॉक्सवर एक टिचकी मारली, मान डोलावली. मग इंजिनावर दोन-तीन ठिकाणी मारली आणि हातोडी पिशवीत ठेवली.

“अण्णा, काढाल तेव्हा सांगा,” तो म्हणाला. “पण मागचं धडच नेईन. पुढचं तुम्ही त्या शेठलाच परत द्या.”